चौथं शील

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. दर वैशाखी पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, सगळ्यांबरोबर मी हात जोडून पंचशील म्हणतो, आणि चौथं शील आलं की मला खोकला येतो. बायको म्हणते, तुम्हाला धूर सोसत नाही. अगरबत्ती लांब लावायला सांगते. इतकी वर्षं मी तिला तसंच समजू दिलं आहे.

खरी गोष्ट अशी, की आमच्या वस्तीत पहिल्या तीन बुद्धपौर्णिमांना जे पंचशील म्हटलं गेलं, लग्नात म्हटलं गेलं, मयतीत म्हटलं गेलं, त्यातली तीन शीलं मी परभणीहून येताना मोटारीत बसून रचलेली होती. पाली म्हणून. त्यातलं चौथं तर पालीतच काय, कुठल्याच भाषेत त्याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं.

पण मला लिहायचं आहे ते धुरपतामायबद्दल. यात माझं जे येतं ते एवढ्याचसाठी, की जो डाग तिच्यावर लागला तो माझा होता.

जिंतूरकडून चारठाण्याला जाताना अलीकडे आमचं गाव लागतं. धुरपतामाय तिथली सुईण. 'ती कुणाचीच माय नव्हती आणि सगळ्यांची माय होती' असं काहीतरी लिहायचा मोह होतो, पण असलं वाक्य ऐकून ती तंबाखूची पिंक टाकायला उठून गेली असती. तिला चार लेकरं झाली, एकही राहिलं नाही. नवरा रझाकारीच्या गडबडीत सेलूकडे गेला तो परत आला नाही. याबद्दल ती बोलत नसे. बाकी सगळ्याबद्दल बोले.

तिची एक खोड होती. कुणाशी बोलताना, भांडताना, कुणाची समजूत घालताना ती त्या माणसाच्या जन्मापासून सुरुवात करायची. "तू पायाळू निगालास, तवाच मी म्हनलं, ह्यो उलटा चालनार." हे मला. आमच्या लिंबाजीबाबांना, जे वस्तीचे म्होरके आणि वयानं तिच्याहून थोडेच लहान, ती म्हणे, "तुमी जन्मताना रडला न्हाईत. मी तवा पोरगी, मायसंगं पाणी तापवायला गेल्ते. पाठीत दोन धपाटे हानले तवा तोंड उघडलं. अजून तसंच हाय, धपाट्याबिगर बोलना गेलाव." लिंबाजीबाबा बैठकीत लांबलचक गप्प बसले की पोरं एकमेकांकडे बघून हसायची.

पाटील तिच्याच हातचे. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आणि कुणी काढत नसे. पाटलांच्या अंगाला जगात पहिला हात लागला तो धुरपतामायचा. त्यानंतर त्यांना जी आंघोळ घालण्यात आली, तीच म्हणे अजून चालू आहे. हे वाक्य तिचं. ती ते पाटलांच्या वाड्याच्या मागच्या दारी, पाटलांच्या आईला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायची. म्हातारी पाटलीणबाई आतून म्हणे, "धुरपते, जबान आवर." आणि सुपात ज्वारी मात्र शीग लावून द्यायची.

तिला सगळ्या वस्तीचे जन्म तोंडपाठ. पोलीस अ‍ॅक्शननंतर गावात मराठी शाळा सुरू झाली. हेडमास्तर पोरांची नावं घालायला वस्तीत आले. जन्मतारीख कुणाला सांगता येईना, म्हणून त्यांनी सगळ्यांना एक जून लावायला घेतली. धुरपतामाय पुढे झाली. म्हणाली, "मास्तर, ही समदी एका दिशी निगाली असती तर सुईन मीच व्हते, माझ्या ध्यानात ऱ्हायलं असतं." मास्तर हसले आणि एक जून लिहीत राहिले. ती मात्र प्रत्येक पोराला घरी जाताना धरून सांगत होती, तू पोळ्याच्या आदल्या दिशी, तू पाटलाची गंजी जळाली त्या रातीचा, तू लय पाऊस होता तवाची. सरकारनं काहीही लिहो, तुला तुझं माहीत असू दे, असा तिचा खाक्या.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमच्यातून लिंबाजीबाबा आणि आणखी दोघं-तिघं गेले होते. आल्यावर त्यांनी वस्तीला बसवून सगळं सांगितलं. देव सोडायचे, गावकीची कामं सोडायची, मेलेली ढोरं ओढायची नाहीत. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी घरातले देव टोपल्यात भरून ओढ्याच्या डोहात सोडले. बायका रडत होत्या. धुरपतामायनं तिची मरीआई पाण्यात सोडताना तिला नीट सांगितलं, "येवढी वर्सं मी तुला जेवू घातलं. आता तूबी मोकळी, मीबी मोकळी." आणि पदराला हात पुसून, मागं न बघता वर आली.

देव सोडणं सोपं होतं. सण करणं अवघड निघालं.

उन्हाळा लागला तशी वैशाखी पौर्णिमेची चर्चा सुरू झाली. करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. आत्तापर्यंतच्या प्रत्येक सणात आमचं काम गावानं ठरवून दिलेलं होतं. पोळ्याला दुसऱ्यांच्या बैलांपुढं हलगी, होळीला लाकडं, लग्नात सरपण, मयतीत निरोप घेऊन गावोगाव पळणं. ज्या सणात आपल्याला कुणीच काम सांगितलेलं नाही, त्या दिवशी माणसानं हात कुठं ठेवायचे, असा तो प्रश्न होता. हलगी तर बंदच केलेली. बोकड नाही. दारू नाही. एक म्हातारा कळवळून म्हणाला, "मग सन कळायचा कसा?"

लिंबाजीबाबांनी ऐकून आलेलं सांगितलं. भगवंताचा जन्म ह्या दिवशी झाला, ज्ञान ह्याच दिवशी झालं, आणि देह ठेवला तोही ह्याच दिवशी. हसायचा दिवस की रडायचा, हे कळेना. धुरपतामाय तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, "जन्म आन मरन एका दिशी मी लय बगितलंय. मधलं तेवढं बगायचं ऱ्हायलंय."



पुढची सगळी तयारी तिनंच ओढली. पांढरे कपडे घालायचे ठरलं. पुरुषांकडे एकेक धोतर तरी होतं, बायकांनी तोंडं वाकडी केली. पांढरं नेसायचं म्हणजे नवरा मेल्यासारखं, म्हणाल्या. धुरपतामायनं विचारलं, "जिते ऱ्हाऊन त्यांनी काय उजेड पाडलाय गं?" पुरुष तिथंच बसले होते. शेवटी जिच्याकडे जे फिकं लुगडं होतं ते तिनं चुन्याच्या निवळीत आणि उन्हात घालून घालून आणखी फिकं केलं. मग पिंपळाचं निघालं. भगवंत पिंपळाखाली बसले होते. गावात पिंपळ एकच, मारुतीच्या पाराचा, आणि पारावर आम्ही बसलो असतो तर सण दवाखान्यात साजरा झाला असता. वस्तीत होता तो लिंब. कुणी म्हणालं, लिंबाखाली चालेल का? धुरपतामाय म्हणाली, "त्यान्ला सावली पायजे व्हती. परभणीच्या उन्हात बसले असते तर लिंबच धरला असता." तांदळाची खीर परवडणारी नव्हती, गव्हाची गूळ घालून करायची ठरली. दूध तिनं पाटलांच्या मागच्या दारातून आणलं. कशासाठी हे पाटलीणबाईंनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

राहिली वंदना. ती म्हणणारं कुणी नव्हतं. बुद्धं सरणं गच्छामि एवढं सगळ्यांना येत होतं. पुढचं पंचशील शिकून यायला कुणाला तरी परभणीला पाठवायचं ठरलं. वस्तीत मॅट्रिकपर्यंत गेलेला मी एकटा. नापास झालो होतो, पण गेलो तर होतो. मला भाकरी बांधून दिली. मोटारीपर्यंत पोचवायला लिंबाजीबाबा स्वतः आले.

परभणीत एका वस्तीत एक पोक्त गृहस्थ रोज संध्याकाळी शिकवीत. पहिल्या संध्याकाळी मी गेलो. त्यांनी पाच शीलांचा थोडक्यात अर्थ सांगितला, मग पहिली दोन घोकून घेतली. प्राणिहत्या न करणं आणि चोरी न करणं. मला ती चटकन आली. बाकीची उद्या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेतला एक मित्र भेटला. त्यानं मला टॉकीजला नेलं. तिसऱ्या दिवशीही नेलं. गावाकडे उन्हात भाजून निघालेल्या पोराला त्या अंधारात, पंख्याखाली बसून नाचगाणी बघताना जे वाटतं ते मला वाटलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मी खूप शोधलं आहे.

परतीच्या मोटारीत मी हिशेब लावला. दोन शीलं खरी येत होती. तिसरं परस्त्रीबद्दल होतं आणि पाचवं दारूबद्दल, एवढं अर्थाच्या सांगण्यातलं ध्यानात होतं. शाळेत शिकलेल्या शब्दांना मी तीच शेपटी लावली. परस्त्रीगमना वेरमणी सिक्खापदं समादियामि. मद्यपाना वेरमणी सिक्खापदं समादियामि. ऐकायला बरं वाटलं. पण चौथं कशाबद्दल होतं ते काही केल्या आठवेना. तेवढ्यात जिंतूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मेलेला बैल दिसला. त्याच्या पायाला दोर बांधून दोन माणसं ओढत होती. आपल्यातलीच, चालण्यावरून कळत होतं. मी मनात म्हणालो, मृतपशुवाहना वेरमणी सिक्खापदं समादियामि. मेलेलं जनावर न वाहण्याची शिकवण मी ग्रहण करतो.

मला ते स्वतःलाच इतकं आवडलं, की गाव येईपर्यंत मी ते खरंच असावं असं धरून चाललो.

जे शील मी विसरलो होतो, ते होतं खोटं न बोलण्याचं. हे मला तीन वर्षांनी कळलं.

धुरपतामायनं ते माझ्याकडून एका दुपारी घेतलं. दारात बसून ती ज्वारी पाखडत होती. मी म्हणायचं, तिनं एकदा पाखडायचं आणि म्हणायचं. दोन-तीनदा म्हटल्यावर तिला आलं. अडचण माझी होती. मला माझंच रचलेलं ध्यानात राहत नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मघा वाहना म्हनलास, आता वहना म्हनायलास. एक कायतरी धर किसना. भगवंत एकच म्हनले असतील."

"वाहना," मी म्हणालो.

"वाहना. बरं. ह्याचा माइना काय?"

मी सांगितला. तिचा हात सुपावर तसाच राहिला. मग म्हणाली, "ढोराचं त्यांना तवाच ठावं व्हतं व्हय रे." आणि परत पाखडायला लागली.

पौर्णिमेला सकाळी लिंबाखाली सारवून, पांढऱ्या रांगोळीच्या चार रेघा ओढून, भगवंताची आणि साहेबांची तसबीर ठेवून आम्ही बसलो. सगळ्या वस्तीला पंचशील तिनं दिलं. मी शिकवलेलं होतं, पण मला लाज वाटते म्हणून मी मागं बसलो. लोक म्हणाले, पोरगं विनयी आहे. वैशाखाचं ऊन, लिंबाखालची ती फिकी लुगडी, आणि तिचा बाळंतिणीला धीर देताना लागायचा तसला आवाज. चौथ्या शीलाला सगळ्यांचा आवाज चढला. अर्थ तिनं आधी सांगून ठेवला होता. बाकीची शीलं लोकांनी भगवंतासाठी घेतली, चौथं स्वतःसाठी. मग खीर वाटली. दिवसभर कुणी कुणाच्या कामाला गेलं नाही. त्या म्हाताऱ्याला कुणीतरी विचारलं, सण कळला का? तो म्हणाला, "हात रिकामा वाटायला, म्हंजी कळला."

पुढं पावसाळ्याच्या तोंडाला पाटलांचा बैल मेला. पाटलांचा गडी वस्तीत आला आणि नेहमीसारखं लांबून ओरडला. कुणी हललं नाही. पण कुणी नाहीही म्हणेना. लिंबाजीबाबा अंगणात उभे, मिशीवरून हात फिरवत. हे होणार ते माहीत होतं. झाल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. पाटलांच्या रानात अर्धी वस्ती रोजानं जायची.

धुरपतामाय बाहेर आली. गड्यासमोर उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मृतपशुवाहना वेरमणी सिक्खापदं समादियामि." तीनदा म्हणाली. डोळे उघडले आणि म्हणाली, "जा. हेच सांग पाटलाला."

गडी धावत गेला. पाटलांनी जोशीबुवांना बोलावून घेतलं. गड्यानं जमेल तसं म्हणून दाखवलं. जोशीबुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. शब्द ओळखीचे वाटतात, म्हणाले, पण मंत्र आपला नाही. उगाच छेडू नये. त्या लोकांना नागपुराहून काय शिकवून पाठवलंय कोण जाणे. बैल दुसऱ्या दिवशीपर्यंत पडून राहिला. मग वारा वाड्याच्या बाजूला फिरला. पाटलांच्या दोन्ही पोरांनी नाकाला उपरणं बांधून तो गाडीमागं जोडला आणि ओढत नेला. सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं. धुरपतामायनं तेवढंच म्हटलं, "थोरला व्हताना लय जड गेला व्हता. ताकद हाय त्याच्यात."

मी ते सगळं पाहिलं. माझ्या खोट्यानं वस्तीचं एवढं भलं केलं, हे मला फार सुखाचं वाटलं. खोट्यातलं सर्वात वाईट खोटं ते, जे उपयोगी पडतं. ते कबूल करायला कुणी सवड देत नाही.

जवळजवळ तीन वर्षं असंच चाललं. लग्नं झाली, बारसी झाली, तेव्हा वंदना धुरपतामायची. शेजारच्या गावचे लोकही तिला न्यायला येत. मला लोक मास्तर म्हणू लागले, मी कुठं मास्तर नसताना.

चौथ्या वैशाखी पौर्णिमेला औरंगाबादहून एक भंतेजी आले. आमच्या भागात दिसलेलं भिक्खूचं ते पहिलं चीवर. जिंतूरला जाऊन बैलगाडीतून त्यांना आणलं. आसपासच्या गावांतून माणसं आली. लिंबाखाली मांडव घातला. भंतेजींनी मृदू आवाजात विचारलं, इथं पंचशील कुणाला येतं? सगळ्यांनी धुरपतामायला पुढं केलं. ती चुन्याच्या निवळीत धुतलेलं लुगडं नेसून त्यांच्यासमोर बसली. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. जाऊन थांबवायला मला पुष्कळ वेळ होता.

तिनं पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याला भंतेजींनी डोळे उघडले. चौथ्याला त्यांनी हात वर केला.

"आई, हे चौथं शील आपण कुठं ऐकलंत?"

तिनं सांगितलं असतं तर सरळ होतं. ती एकदा माझ्याकडे वळली. तिच्या बघण्यात संशय नव्हता. उत्तर माझ्याकडे असेल, एवढंच होतं. मी खाली पाहिलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो मला अजून दिसतो.

भंतेजी समजुतीनं म्हणाले, "असं शील नाही, आई. चौथं शील मुसावादा वेरमणी. खोटं न बोलण्याचं."

मांडवात कुजबुज झाली. बाहेरगावच्या बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं हेच म्हणवून घेतलं व्हय म्हातारीनं? आमची लग्नं लागली का न्हाई मग? त्यावर मोठं हसू झालं. लिंबाजीबाबा माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा धुरपतामाय म्हणाली, "लेकरानं बराबर आनलं व्हतं, भंतेजी. कसूर माझा हाय. गावची बाळंतपनं ह्या डोस्क्यात भरल्याली, त्यात कायतरी मिसळलं. वय झालं."

भंतेजी भले माणूस. म्हणाले, भाव शुद्ध असला म्हणजे झालं. मग त्यांनी सगळ्यांकडून पंचशील नीट म्हणवून घेतलं. मीही हात जोडून म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं ते त्या दिवशी, तोंडात ते ताजं खोटं असताना. धुरपतामायनं प्रत्येक शब्द आधी भंतेजींच्या ओठांकडे बघून मग म्हटला. लहान पोर नवा शब्द म्हणतं तसा.

ही बातमी गावात जायला वेळ लागला नाही. पाटलांची म्हैस मेली तेव्हा तोच गडी परत आला. यावेळी तो लांब उभा नव्हता, हसत होता. म्हणाला, "तुमच्याच बुवानं सांगितलंय म्हनं, तसलं काई शीलबिल न्हाई. मग उठा की आता."

लिंबाजीबाबांनी मिशीला हात लावला. दोन-तीन तरणी माणसं उठून उभी राहिली. म्हैस ओढायला उठली का भांडायला उठली, हे त्यांनाही माहीत नसावं. मला वाटलं, झालं, आता माझ्यामुळं सगळं परत सुरू होणार. धुरपतामाय दारात ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"शील न्हाई तर न्हाई. हात माझे हायत. म्हशीला मी लावनार न्हाई, आन माझ्या हातावर निगालेलं कुनी लावनार न्हाई."

उठलेल्यांत तिच्या हातावर न निघालेलं कुणी नव्हतंच. उभे राहिलेले खाली बसले. गडी थोडा वेळ थांबला आणि गेला. म्हैस पाटलांनी कुणाकडून उचलून घेतली ते आम्ही विचारलं नाही. पुन्हा वस्तीत तो निरोप आला नाही.

एवढं सगळं तिनं राखलं. स्वतःचं मात्र सोडून दिलं. वंदना म्हणणं तिनं बंद केलं. पुढच्या लग्नाला बोलावणं आलं तर म्हणाली, नीट येणाऱ्याला न्या. मग हळूहळू दुसरंही सुटत गेलं. कुणी पोराचा जन्म विचारायला आलं तर ती म्हणे, "मला इचारू नगा. माझ्या ध्यानाचा भरोसा ऱ्हायला न्हाई." लोकांना वाटलं, म्हातारी थकली. भांडताना ती आता कुणाच्या जन्मापासून सुरुवात करीत नसे. सरळ भांडे, आणि त्यामुळं हरे.

त्याच वर्षी मला तालुक्याच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. मी निघालो त्या सकाळी ती सडकेपर्यंत आली. मोटारीला वेळ होता. बाभळीच्या सावलीत आम्ही उभे होतो. ती सडकेकडे बघत होती. मग म्हणाली, "किसना, एक इचारू? त्या दुपारी तू मला काय म्हनला व्हतास, मला अजून ऐकू येतंय बग. वाहना का वहना, त्यावर आपली तकरार झालती. येवढं ध्यानात हाय, आन शील तेवढं चुकलं. आसं कसं झालं आसंल रे?"

मोटार अजून दिसत नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं. सांगायला याहून सोपी जागा मला परत मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "होतं असं, माय. वय झालं."

तिनं मान हलवली. म्हणाली, "तुझं चुकलं न्हाई म्हंजी बरं झालं. तुला आता सरकारात बसायचंय."

मोटार आली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ती वस्तीकडे वळली होती. ओठ हलत होते. बहुतेक त्या दुपारचं परत एकदा म्हणून बघत होती, कुठं चुकलं ते शोधत. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

ती गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. मी गेलो नाही.

धुरपतामायचं काहीही चुकलं नव्हतं. मी सांगितलं ते तिनं एकही अक्षर न सोडता तसंच म्हटलं. त्या मांडवात जे हसले त्यांच्यातले काही अजून आहेत, आणि जे आहेत ते अजून म्हणतात, म्हातारी चांगली होती, पण डोकं गेलं होतं. एका वैशाखी पौर्णिमेला गावी जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून, चुकलं ते माझं होतं, तिचं नव्हतं, हे सांगणं माझ्यावर बाकी आहे.